सत्तावीस महिन्यांचं राज्य

रिगल सिनेमासमोरच्या चौकात उभं राहून मान जरा वर केली की समोरच्या जुन्या दगडी इमारतीच्या कपाळावर समुद्रदेव नेपच्यून दिसतो. त्याच्या आजूबाजूला जलपऱ्या आणि समुद्रघोडे. खाली फाटकावर बंदूकधारी शिपाई, कारण आत महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. रोज हजारो माणसं या चौकातून कुलाब्याकडे, गेटवेकडे जातात. नेपच्यूनकडे सहसा कोणी बघत नाही.

व्हिक्टोरिया राणीचा मुलगा आल्फ्रेड १८७०मध्ये मुंबईत येऊन गेला. त्याची आठवण म्हणून बोटींवरच्या खलाशांना उतरायला ही जागा बांधली गेली, म्हणून तिच्या माथ्यावर समुद्रदेव. नाव होतं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. १९२८मध्ये सरकारनं ती कायदेमंडळासाठी घेतली आणि लोक तिला कौन्सिल हॉल म्हणू लागले. नरिमन पॉइंटचं आजचं विधान भवन उभं राहीपर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं, मुंबईचे कायदे याच छपराखाली झाले.

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी ‘सत्ता’ असा दिला, तेव्हा मला ही इमारत आठवली. आजच्या सत्तेवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला पाहायची होती ती पहिल्यांदा हाती आलेली सत्ता. परवापर्यंत तुरुंगात असलेल्या माणसांच्या टेबलावर एके दिवशी सरकारी फायली येऊन पडतात, तेव्हा ती त्यांचं काय करतात? आणि ज्यांचा वाटा त्या सत्तेतही नाही, ते तिच्याकडे काय मागतात? मुंबई प्रांताची १९३७ची विधानसभा आणि बाळासाहेब खेरांचं पहिलं प्रधानमंडळ हा त्यासाठी मला सापडलेला सर्वांत चांगला काळ. १९ जुलै १९३७ ते नोव्हेंबर १९३९चा पहिला आठवडा. सव्वादोन वर्षं, सत्तावीस महिने.

फाटकावरच्या शिपायानं मला आत सोडलं नाही आणि ते योग्यच होतं. मी रस्त्यापलीकडे जाऊन बराच वेळ कमानी पाहत उभी राहिले. मग पुण्याला गेले. पावसाळ्यात कायदेमंडळ पुण्यात भरायचं, त्याही इमारतीचं नाव कौन्सिल हॉलच. स्टेशनजवळ रिक्षावाल्याला ‘कौन्सिल हॉल’ म्हटलं की तो आजही काही न विचारता तिथं आणून सोडतो. सरकारी बैठका तिथं अजून होतात. या विधानसभेची सुरुवात इथं झाली, जुलैच्या पावसात.

मत कोणाकोणाला होतं

त्या सभागृहात १७५ जण बसत. वरचं सभागृह वेगळं, तीसेक सभासदांचं. १७५ हा आकडा सांगायला सोपा, पण तो कसा भरला जायचा हे समजायला मला दोन दिवस लागले. १९३५च्या कायद्यानं माणसांचे कप्पे पाडले होते. सर्वसाधारण जागा ११४, त्यांतल्या १५ अस्पृश्यांसाठी राखीव. मुसलमानांच्या २९. युरोपियनांच्या ३, हिंदी ख्रिश्चनांच्या ३, अँग्लो-इंडियनांच्या २. व्यापार आणि उद्योगांच्या ७, कामगारांच्या ७, जमीनदारांच्या २, विद्यापीठाची १, मागास जमातींची १. स्त्रियांच्या ६, त्यांतली एक मुसलमान स्त्रीची. सर्वसाधारण जागांतच मराठ्यांसाठीही ७ राखून ठेवल्या होत्या.

कोणत्या कप्प्यात बसायचं हे बहुतेक जन्मानं ठरे. मत देता येईल की नाही हे मात्र जमिनीच्या साऱ्यावर, घरभाड्यावर आणि शिक्षणावर ठरे. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते तीन-साडेतीन कोटी, लोकसंख्येच्या सातवा हिस्सासुद्धा नाहीत. शेतात राबणारा बिनजमिनीचा माणूस या यादीत जवळपास नव्हताच. तरीही आधीच्या कौन्सिलांच्या मानानं ही यादी कितीतरी मोठी होती. बायका रांगेत होत्या, गिरणीकामगार होते.

प्रांतही आजचा नव्हता. सिंध १९३६मध्ये वेगळा झाला होता. उरला होता तो अहमदाबाद, खेडा, सुरतेपासून खाली धारवाड, विजापूर, कारवारपर्यंतचा पट्टा. विदर्भ मध्य प्रांतात, मराठवाडा निजामाकडे आणि कोल्हापूर, सांगली, औंध संस्थानिकांकडे. या सभागृहातला महाराष्ट्र म्हणजे खानदेश, नाशिक, नगर, पुणे, सातारा, सोलापूर, ठाणे, कुलाबा, रत्नागिरी आणि मुंबई शहर. साताऱ्यात काँग्रेसनं शेतकरी घरातल्या आत्माराम पाटलांना उमेदवारी द्यावी म्हणून एका विशीतल्या कार्यकर्त्यानं वरिष्ठांशी वाद घातला आणि मग पायपीट करून त्यांचा प्रचारही केला. त्या कार्यकर्त्याचं नाव यशवंतराव चव्हाण. ते स्वतः या सभागृहात यायला १९४६ उजाडावं लागलं.

मुंबईची एक चुरशीची लढत भायखळा-परळची. एकापेक्षा अधिक जागांचा मतदारसंघ, आणि मुंबई प्रांतात अशा ठिकाणी मतदाराला जागा असतील तितकी मतं असत. ती सगळी एकाच उमेदवाराला द्यायचीही मुभा होती. ज्यांची संख्या कमी पण एकी पक्की, त्यांच्या हातातलं हे मोठं हत्यार. स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. काँग्रेसनं त्यांच्यासमोर आणलं पळवणकर बाळू यांना. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेणारे डावखुरे गोलंदाज, अस्पृश्य समाजातून आलेले पहिले मोठे खेळाडू, एका पिढीचे नायक. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली आणि बाळूंना ११,२२५. दोन हजारांचं अंतर. इथल्या चाळींमधल्या माणसांना त्या दिवशी दोन आदरांमधून एक निवडायला लावलं होतं. मला ती निवड फार अवघड वाटते.

स्वतंत्र मजूर पक्षानं १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आणले. पक्ष स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं.

साडेतीन महिन्यांचं सरकार

काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली, जवळपास निम्म्या जागा तिच्याकडे. पण ती लगेच खुर्चीवर बसली नाही. गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाही, असं आश्वासन तिला हवं होतं. १ एप्रिलला नवी राज्यघटना सुरू व्हायची होती आणि कोणीतरी कारभार पाहणं भाग होतं. तेव्हा गव्हर्नरनं साताऱ्याच्या सर धनजीशा कूपर यांना बोलावलं.

बहुमत नसलेलं हे सरकार एका गोष्टीसाठी महाराष्ट्राच्या लक्षात राहिलं. कूपर मंत्रिमंडळात जाताना जमनादास मेहतांनी विनायक दामोदर सावरकरांच्या सुटकेची अट घातली होती. १० मे १९३७ला सावरकरांवरचे रत्नागिरीतले निर्बंध उठले. उन्हाळ्यात व्हाइसरॉयनं दिलेला खुलासा काँग्रेसला पुरेसा वाटला, जुलैत वर्ध्याच्या बैठकीनं सत्ता घ्यायचं ठरवलं आणि कूपर बाजूला झाले.

काँग्रेसमध्येही नेता कोण यावरून वादळ झालं होतं. मुंबईला वाटलं होतं वीर नरिमन. निवड झाली खेरांची. नरिमन यांनी सरदार पटेलांवर ठपका ठेवला, चौकशी झाली आणि ती नरिमन यांच्याविरुद्ध गेली. मुंबईत हा विषय पुढं कित्येक वर्षं निघाला की आवाज चढत. खेर स्वतः या वादात कुठंच ओरडताना दिसत नाहीत. रत्नागिरीत जन्मलेला, मुंबईत सॉलिसिटर म्हणून नाव कमावलेला, खारला राहून हरिजन वस्तीत काम करणारा मवाळ बोलणारा माणूस. या साऱ्या वादळाच्या मधोमध तो प्रांताचा पंतप्रधान झाला. त्या वेळी प्रांताच्या प्रमुखालाही हेच नाव होतं.

सात जण, पाचशे रुपये

प्रधानमंडळात सातच जण. खेरांकडे शिक्षण. अर्थखातं अण्णासाहेब लठ्ठ्यांकडे, ते बेळगावचे, जैन समाजातले, कोल्हापूरचे एकेकाळचे दिवाण आणि शाहू महाराजांचे चरित्रकार. गृह आणि कायदा कन्हैयालाल मुनशींकडे. महसूल मोरारजी देसाईंकडे. डॉ. गिल्डर हे हृदयरोगांचे नामांकित डॉक्टर, त्यांच्याकडे आरोग्य आणि अबकारी. नूरींकडे बांधकाम, लक्ष्मण माधव पाटलांकडे स्थानिक स्वराज्य. सभापतीच्या आसनावर गणेश वासुदेव मावळंकर, अहमदाबादचे वकील, मूळ कोकणातलं मराठी घराणं, लिहिणं गुजरातीत. पार्लमेंटरी सेक्रेटरींमध्ये गुलझारीलाल नंदा आणि हंसा मेहता.

मंत्र्यांचा पगार महिना पाचशे. कराची अधिवेशनाच्या ठरावात काँग्रेसनं हीच मर्यादा घातली होती आणि ती पाळली गेली. घर आणि गाडीचा भत्ता वेगळा. पण त्याच मंत्र्यापुढे फाइल घेऊन उभा राहणारा आयसीएस सचिव त्याच्या कित्येक पट घेत होता, आणि त्या पगाराला हात लावायचा अधिकार सभागृहाला नव्हता. गव्हर्नरचा खर्च आणि आयसीएसचे पगार मताला टाकलेच जात नसत. अल्पसंख्याकांचं रक्षण, शांतता, नोकरशाहीचे हक्क या बाबी गव्हर्नरच्या खास जबाबदारीच्या. तिजोरीच्या किल्ल्या मंत्र्यांकडे दिल्या होत्या, काही कप्प्यांच्या मात्र दिल्या नव्हत्या.

या पाचशे रुपयांवर ऑगस्ट १९३७मध्ये सभागृहात चर्चा झाली आणि बाबासाहेबांनी या मर्यादेला विरोध केला. कमी पगार म्हणजे स्वच्छ कारभार, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. मंत्र्याची राहणी, त्याची कर्तबगारी, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या साऱ्यांचा विचार करून पगार ठरवावा, असं त्यांचं म्हणणं. त्या काळी हे बोलणं अंगावर घेण्यासारखं होतं, कारण पाचशे रुपये हे तेव्हा त्यागाचं चिन्ह झालं होतं. मला वाटतं दोन्ही बाजू खऱ्या होत्या. उपाशी देशात मंत्र्यानं साधं राहावं हेही खरं, आणि घरी पैसा असलेल्यालाच मंत्री होणं परवडेल अशी व्यवस्था गरिबाच्या कामाची नाही हेही खरं.

सरकारनं काम झपाट्यानं सुरू केलं. छापखान्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या जप्त अनामती परत झाल्या, राजकीय कैदी सुटले. सत्याग्रहात सरकारनं हिसकावून विकलेल्या गुजरातमधल्या शेतकऱ्यांच्या जमिनी १९३८च्या कायद्यानं सरकारी पैशानं परत घेऊन मूळ मालकांना दिल्या गेल्या. हरिजनांच्या मंदिरप्रवेशातले कायद्याचे अडथळे त्याच वर्षी दूर झाले. पुढच्या वर्षी दुकानांतल्या नोकरांचे तास ठरले, शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. सत्तावीस महिन्यांत एवढं काम झालं, हे आजच्या मोजमापानंही थोडं नाही.

खोतीचं विधेयक

माझं आजोळ कोकणातल्या खेड तालुक्यातलं. घरामागच्या उतारावरच्या भातशेतीला आजी शेवटपर्यंत ‘खोताचा मळा’ म्हणायची. ती जमीन आमच्याच नावावर आहे, हे मी तिला लहानपणी अनेकदा सांगितलं. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘खोताच्या मळ्यात गवत आणायला जा’ म्हणायची.

खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. कागदावर मध्यस्थ, गावात मालक. कूळ जमीन कसणार, पिकाचा मोठा हिस्सा खोताला घालणार, वर त्याच्या घरी लग्नकार्याला, छप्पर शाकारायला, पालखी उचलायला फुकट राबणार. या फुकटच्या कामाला वेठ म्हणत. पिढ्यान्पिढ्या कसूनही जमिनीवर नाव लागत नसे. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्या माणसांपैकी किती जण या खोतीला कंटाळून गेले असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. माझे आजोबा मात्र त्यातलेच एक.

१७ सप्टेंबर १९३७ला बाबासाहेबांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. सरकारनं खोतांना वाजवी भरपाई द्यावी, खोती पद्धत संपवावी आणि जमीन कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्याखालचा कब्जेदार करावं, हा त्याचा गाभा. जप्ती नाही, सूड नाही. एका कायदेपंडितानं मोजूनमापून लिहिलेला मसुदा होता तो.

बिनसरकारी सभासदाच्या विधेयकाचं काय होतं हे समजून घेण्यासारखं आहे. सभागृहाचा बहुतेक वेळ सरकारच्या कामाला जातो. खासगी सभासदाच्या वाट्याला मोजके दिवस येतात आणि त्या दिवसांसाठी रांग लागते. विधेयक मांडलं जातं, छापलं जातं आणि पुढच्या वाचनाची वाट पाहत राहतं. बहुमताच्या पक्षाला ते पाडायचीही गरज पडत नाही. त्याला वेळ दिला नाही म्हणजे झालं.

तेव्हा माणसंच सभागृहाकडे आली. जानेवारी १९३८मध्ये वीस-पंचवीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर निघाला. रत्नागिरी, कुलाबा, ठाणे, सातारा, नाशिक. कोकणातली माणसं बोटीनं आली. पुढे बाबासाहेब, शामराव परुळेकर, अनंतराव चित्रे, इंदुलाल याज्ञिक. शिष्टमंडळ खेरांना भेटलं, मागण्या दिल्या. रिगलच्या चौकात उभी असताना मी हेच डोळ्यांपुढे आणत होते. गुडघ्यापर्यंतची धोतरं, डोक्यावर घोंगड्या, घरून बांधून आणलेल्या भाकऱ्या, आणि समोर नेपच्यूनचं मस्तक असलेली ती दगडी इमारत. तिच्यात बसलेला पंतप्रधान रत्नागिरीचाच होता.

विधेयक पुढे सरकलं नाही.

मला इथं थांबावंसं वाटतं. गुजरातच्या शेतकऱ्यांच्या जमिनी एका वर्षात परत मिळाल्या आणि कोकणच्या कुळाचा प्रश्न तसाच राहिला, ही बाब खटकल्याशिवाय राहत नाही. दोन्ही प्रश्न एक नाहीत हे मी जाणते. एक सत्याग्रहाची शिक्षा होती, दुसरी शतकांची व्यवस्था. पण सत्याग्रहात जमीन गमावण्यासाठी आधी ती नावावर असावी लागते. काँग्रेसच्या बाकांवर जमीन असलेल्यांचं वजन होतं आणि कूळ तर मतदारयादीतही पुरतं नव्हतं. त्याच्या वतीनं बोलायला चौदा जण होते.

अलिबागजवळच्या चरी गावात मी याच कारणानं गेले. खारेपाटातलं गाव, बांधांच्या आत सपाट भातखाचरं, वाऱ्याला खारट वास. २७ ऑक्टोबर १९३३ला इथल्या आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं ठरवलं की खोत-सावकारांची जमीन कसायची नाही. खाचरं ओसाड पडली. माणसं रानातला लाकूडफाटा विकून जगली. संप एक नाही, दोन नाही, सहा वर्षं चालला. डिसेंबर १९३४मध्ये बाबासाहेब इथल्या शेतकरी परिषदेचे अध्यक्ष म्हणून येऊन गेले. संपाच्या त्या रात्रींमध्ये या घरांत चूल कशी पेटली असेल याचा विचार करत मी बांधावरून चालले. शेवटी महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले, त्यांनी पाहिलं, ऐकलं. १९३९च्या कूळ कायद्यात ‘संरक्षित कूळ’ हा शब्द आला. १ जानेवारी १९३८पूर्वी सलग सहा वर्षं जमीन कसणाऱ्याला सहजासहजी हुसकावता येणार नव्हतं. सुरुवातीला हा कायदा काही भागांपुरताच लागू झाला, तरी कुळाला कायद्यानं दिलेलं ते पहिलं छप्पर होतं, आणि त्याच्या भिंती या ओसाड खाचरांतून उभ्या राहिल्या होत्या.

संपाचा हक्क

सप्टेंबर १९३८मध्ये सरकारनं औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. मालक आणि कामगार यांच्यात तंटा झाला तर आधी नोटीस, मग समझोत्याची लांबलचक वाट, आणि त्याआधी संप केला तर तो बेकायदा, कैदेच्या शिक्षेसह. सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. गिरण्या वारंवार बंद पडत होत्या आणि अहमदाबादच्या मजूर महाजन या कामगार संघटनेची लवादाची पद्धत गांधीजींच्या विचारातून आलेली होती. गुलझारीलाल नंदा तिथूनच आलेले. त्यांना ती पद्धत सचोटीनं सगळ्या प्रांताला लावायची होती.

गिरणगावानं मात्र त्याला काळा कायदा म्हटलं. १५ सप्टेंबरला बाबासाहेब जे बोलले ते या सभागृहाच्या इतिहासातलं मोठं भाषण आहे. त्यांचा मुद्दा असा: काम नाकारणं हा फार तर कराराचा भंग, तो गुन्हा होऊ शकत नाही. माणसाला इच्छेविरुद्ध कामाला जुंपणं म्हणजे गुलामी. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, आणि स्वातंत्र्यासाठी लढलेल्या पक्षानं तो मोडावा याचं त्यांना दुःख होतं. जमनादास मेहताही विरोधात उभे राहिले. मतं सरकारकडे होती, विधेयक मंजूर झालं.

७ नोव्हेंबर १९३८ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांवर तुटून पडणारे, एका व्यासपीठावर आले. कामगार मैदानावर अफाट सभा भरली. गोळीबारही झाला. ज्या पक्षाच्या माणसांवर आजवर गोळ्या चालल्या होत्या, त्याच्या सरकारच्या पोलिसांनी चालवलेली ही गोळी. गिरणगावानं ती कधी विसरली नाही.

यानंतर तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, स्वतंत्र मजूर पक्षाचे नगरचे आमदार प्रभाकर रोहम यांनी कुटुंबनियोजनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं, ते स्वतः त्या दिवशी हजर नव्हते. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या बाईबद्दल, गरिबीबद्दल कायदेमंडळात उघडपणे बोललं गेलं. ठराव पडला. १९३८ साल होतं. सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम देशात यायला आणखी चौदा वर्षं लागायची होती.

कोणत्या भाषेत बोलायचं

कायद्यानं कामकाजाची भाषा इंग्रजी. ज्याला इंग्रजी येत नाही किंवा पुरेसं येत नाही, त्याला दुसऱ्या भाषेत बोलायची मुभा. छापील चर्चांचे खंड चाळताना मला वारंवार जाणवलं की बॅरिस्टर आणि सॉलिसिटर पानंच्या पानं व्यापतात. खेड्यातून आलेल्या शेतकरी आमदारापुढे मराठी, गुजराती, कानडी आणि इंग्रजी अशा चार भाषांचं सभागृह होतं. तो तिथं बसून किती गोष्टी मनातच ठेवत असेल!

कानडी आमदारांना वेगळा कर्नाटक प्रांत हवा होता. एप्रिल १९३८मध्ये त्यावर चर्चा झाली आणि बाबासाहेबांनी विरोध केला. प्रादेशिक निष्ठेपेक्षा भारतीयत्व मोठं मानावं, अशी त्यांची तेव्हाची भूमिका. मराठी वाचकाला हे वाचताना पुढचा संयुक्त महाराष्ट्र आठवणारच. त्या लढ्याची पहिली कुरबुर याच बाकांवरून ऐकू येते.

दारूबंदी, युद्ध

१ ऑगस्ट १९३९ला मुंबईत दारूबंदी आली. अबकारीचं मोठं उत्पन्न बुडालं, ते भरून काढायला शहरातल्या घर-इमारतींवर नवा कर बसला. पारशी समाजातले अनेक जण या व्यवसायात होते आणि त्यांचा रोष झेलायला पुढे होते ते स्वतः पारशी असलेले डॉ. गिल्डर. गिरणगावातल्या बायकांसाठी मात्र पगाराच्या संध्याकाळी गुत्त्याचं दार बंद असणं ही मोठी गोष्ट होती.

महिनाभरात युरोपात युद्ध पेटलं. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉयनं हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, कोणत्याही सभागृहाला न विचारता. मुंबईच्या सभागृहात युद्धावर चर्चा झाली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खेरांनी राजीनामा दिला. गव्हर्नरनं १९३५च्या कायद्याच्या कलम ९३खाली कारभार हाती घेतला. विधानसभा मात्र बरखास्त झाली नाही. ती तशीच गोठून राहिली, आमदार आमदारच राहिले, बसायला सभागृह नाही. काही जण पुन्हा तुरुंगात गेले. नव्या निवडणुका १९४६मध्ये झाल्या आणि खेर पुन्हा पंतप्रधान झाले.

त्या कायदेमंडळातून माणसं कुठं कुठं पोचली! मोरारजी देशाचे पंतप्रधान झाले, नंदांनी दोनदा ती जबाबदारी तात्पुरती सांभाळली. विरोधी बाकांवरचे मुस्लिम लीगचे अहमदाबादचे इब्राहिम चुंद्रीगर १९५७मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान झाले. मावळंकर लोकसभेचे पहिले सभापती. हंसा मेहतांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व माणसं’ असा शब्द आणायला लावला. आणि चौदा जणांच्या पक्षाचा नेता राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला.

खोती संपवणारा कायदा १९४९मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेव्हाही बाळासाहेब खेरच होते. सप्टेंबर १९३७मध्ये मांडलेल्या मसुद्याला बारा वर्षं झाली होती.

यंदा पावसाळ्यात आजोळी गेले, तेव्हा मामानं सातबाराचा उतारा काढून दाखवला. घरामागचा उतार, गट नंबर, आजोबांचं नाव, त्याखाली मामांची नावं. बाहेर त्याची नात गवताचा भारा उतरवत होती. कुठून आणलंस, असं मी विचारलं.

“खोताच्या मळ्यातून,” ती म्हणाली.